अकोल्याच्या उन्हात २४ हजारांचा फोन : पहिलं मिनिट आणि पंचविसावं मिनिट

पांढरं_सोनं (अकोला) | २२ एप्रिल २०२५, रात्री ११:१०

नमस्कार मंडळी. तीन आठवड्यांपूर्वी २४ हजारांना फोन घेतला. कंपनीचं नाव मुद्दाम लिहीत नाही, कारण जे सांगतोय ते ह्या किमतीतल्या बऱ्याच फोनना लागू असावं असं वाटतं आणि तेच तपासायला हा धागा काढलाय.

मी ठिबक सिंचनाच्या कामात आहे. सध्या पेरणीआधीची घाई. बाळापूर, पातूर, बार्शीटाकळी ह्या पट्ट्यात दिवसाला ऐंशी-नव्वद किलोमीटर मोटारसायकल होते. शेतात उभं राहून मोजणी, नळ्यांचे आणि फिल्टरचे लोकेशनसह फोटो, कोटेशन व्हॉट्सॲपवर, ॲडव्हान्स यूपीआयवर. सगळं ऊन डोक्यावर असताना.

आणि रात्री साडेनऊला आम्ही चौघं बीजीएमआय (बॅटलग्राउंड्स मोबाईल इंडिया, शेवटपर्यंत टिकून राहायचा लढाईचा गेम) खेळतो. बारावीपासूनचे मित्र. मी इथं, एक पुण्यात, एक हैदराबादला, एक बडोद्यात. नुसतं बोलायला म्हणून फोन कुणी करत नाही, पण एरंगलमध्ये (गेममधला एक नकाशा) उतरलो की घरादारातलं सगळं निघतं. एकाच्या वडिलांचं ऑपरेशन ठरलंय हे आम्हाला लॉबीत, मॅच सुरू व्हायची वाट बघताना कळलं. जुलै २०२२ मध्ये गेम बंद झाला आणि मे २०२३ मध्ये परत आला. मधल्या दहा महिन्यांत आमचं बोलणं जवळजवळ थांबलं होतं. म्हणून माझ्यासाठी गेम नीट चालणं ही चैन नाही.

आता अनुभव. दुकानात, एसीमध्ये, फोन लोण्यासारखा चालला. घरी पहिल्या रात्री खोलीत ३६ अंश होतं, कूलरची मोटार दुरुस्तीला गेलेली. स्मूद आणि एक्स्ट्रीम सेटिंगवर, म्हणजे सेकंदाला ६० फ्रेमवर (चित्रांवर) खेळलो. पहिली पंधरा मिनिटं काट्यासारखी सरळ. अठराव्या मिनिटाला बॅटरीचं तापमान ४४. ब्राइटनेस आपोआप खाली. बाविसाव्या मिनिटापासून फ्रेम ४२ ते ४५ च्या मध्ये हेलकावे खात होत्या. एरंगलची मॅच अर्ध्या तासाची असते. म्हणजे शेवटची वर्तुळं (खेळायची जागा आवळत जाते ती), जिथं खरी लढाई होते, नेमकी तिथंच स्क्रीन अंधारते आणि हात जड होतो.

एकच रात्र म्हणून सोडून दिलं नाही. नऊ रात्री वहीत लिहिलं : खोलीचं तापमान, सुरुवातीची बॅटरी, पाचव्या, पंधराव्या आणि पंचविसाव्या मिनिटाच्या फ्रेम. कूलर दुरुस्त होऊन आल्यावर खोली ३० वर आली, तर पंचविसाव्या मिनिटाला ५५ मिळाल्या. फोन तोच, सेटिंग तेच. फरक हवेचा.

दिवसाचं वेगळंच. दुपारी दोनला बोर्डावर चिकटवलेला क्यूआर कोड कॅमेऱ्यात पकडायला गेलो की गरम फोन स्क्रीन मंद करतो आणि त्या उन्हात मग काहीच दिसत नाही. समोरचा शेतकरी ताटकळत उभा. मी गमछ्याची सावली करून रक्कम टाकतो. घामाच्या बोटाला स्क्रीनखालचा फिंगरप्रिंट तीनदा नाही म्हणतो, चौथ्यांदा पिन टाकावा लागतो. बॅटरी मात्र उत्तम, संध्याकाळी पाचला चाळीस टक्के उरते. आवाज मोठा आहे, ट्रॅक्टर चालू असतानाही रिंग ऐकू येते. फोटो स्वच्छ येतात.

बडोद्याच्या मित्राचा फोन पार थकलाय. तो म्हणतो, तू घेतलास तोच घेतो. त्याच्याकडे साठवलेले २७ हजार आहेत. मी त्याला हो म्हणू का?

तोरणा_टोक (पुणे) | २२ एप्रिल, रात्री ११:५२

भाऊ, आधी तुमची वही पाहून आनंद झाला. यूट्यूबवर जे बघायला मिळतं ते बहुतेक एसी खोलीतलं असतं. त्यात अंतुतुचा (फोनची ताकद मोजणाऱ्या ॲपचा) आकडा सांगतात, तो पहिल्या काही मिनिटांच्या धावेचा. शंभर मीटरच्या शर्यतीवरून मॅरेथॉनचा अंदाज बांधण्यासारखं आहे ते.

मित्राला २७ हजारांत जास्त ताकदीची चिप मिळते, तर त्याने तीच घ्यावी. जास्त खेळायचं म्हणून नव्हे, तर तोच ६० फ्रेमचा गेम मोठी चिप निम्म्या जोरावर चालवते आणि त्यामुळे कमी तापते. साठच्या वेगाने जाणारी १०० सीसी आणि साठच्याच वेगाने जाणारी २०० सीसी, इंजिन कुणाचं जास्त तापेल?

फक्त चिपच्या नावांवर जाऊ नका, तिथं फार लोक फसतात. स्नॅपड्रॅगन ७ एस जेन २, ७ जेन ३ आणि ७ प्लस जेन ३ ही तीन भावंडं वाटतात. प्रत्यक्षात ७ एस जेन २ मध्ये जुने ए७८ कोअर (चिपमधले प्रत्यक्ष काम करणारे भाग) आहेत, आणि ७ प्लस जेन ३ मध्ये एक्स४ हा त्या पिढीच्या महागड्या चिपमधला कोअर आहे. जमीन-अस्मानाचा फरक. मीडियाटेकचंही तसंच. डायमेन्सिटी ७३०० ही ७२०० पेक्षा नवी, आकडाही मोठा, पण ७२०० मध्ये ग्राफिक्सचे चार कोअर आणि ७३०० मध्ये दोन. गेमसाठी घेणाऱ्याने हे दुकानात जाण्याआधी बघितलंच पाहिजे.

सध्या त्या पैशांत बघण्यासारखे दोन : पोको एक्स७ प्रो (डायमेन्सिटी ८४०० अल्ट्रा, ६५५० एमएएच, जानेवारीत २७,९९९ ला आला) आणि आयक्यू (iQOO) निओ १०आर (स्नॅपड्रॅगन ८ एस जेन ३, ६४०० एमएएच, मार्चमध्ये २६,९९९ ला आला). पोकोवर बँकेची ऑफर लागली की २७ च्या आत बसतो.

सोल्डर_आणि_चिमटा (इचलकरंजी) | २३ एप्रिल, सकाळी ७:३०

मी चौदा वर्षं मोबाईल दुरुस्तीत आहे. दुकान उघडायच्या आत लिहून टाकतो, नंतर वेळ मिळत नाही.

पांढरं_सोनं दादा, तुमच्या फोनमध्ये दोष नाही. तो स्वतःला वाचवतोय. ॲपल आपल्या फोनसाठी ० ते ३५ अंशांचं हवामान सांगते, आणि तुमच्या खोलीतच ३६ होतं. शेतातलं तर बोलायलाच नको. मागच्या वर्षी मे महिन्यात तुमच्या जिल्हाधिकाऱ्यांना उन्हापायी जमावबंदी लावावी लागली होती, ती बातमी आम्ही इथं वाचली.

लोक विचारतात, ह्याला व्हेपर चेंबर आहे ना, मग कसा तापतो? फोन उघडल्यावर ते दिसतं तेव्हा समजावणं सोपं जातं. ती तांब्याची चपटी बंद पिशवी, आत थेंबभर पाणी. चिपच्या बाजूला पाणी वाफ होतं, थंड बाजूला जाऊन पुन्हा पाणी होतं. ह्यानं एका टिचभर जागेतली उष्णता सगळ्या पाठीवर पसरते. बस, इतकंच. उष्णता नाहीशी होत नाही, पुढं ती हवेनंच न्यायची असते. हवाच ४० ची असेल तर नेणार कुठं? त्यात लोक जाड रबरी कव्हर घालतात आणि गादीवर ठेवून चार्जिंगला लावून खेळतात.

माझ्या टेबलावर येणाऱ्या फोनचं सांगतो. गेम खेळणाऱ्या पोरांच्या फोनमध्ये बॅटरी फुगलेली जास्त असते, मागचं झाकण उचललेलं असतं. बहुतेक सगळे एकच सांगतात : चार्जर लावून खेळायचो. चार्जिंगची उष्णता आणि चिपची उष्णता एकाच वेळी, वर बॅटरी शंभर टक्के भरलेली. लिथियमला भरलेलं पोट आणि उकाडा एकत्र सोसत नाही. म्हणून मित्राच्या यादीत बायपास चार्जिंग लिहा. त्यात चार्जरची वीज बॅटरीला वळसा घालून थेट फोनला मिळते. सेटिंगमध्ये आहे का ते दुकानातच उघडून दाखवायला सांगा. वरच्या दोघांपैकी निओ १०आर मध्ये ते आहे.

जे फोनमध्ये नाही ते सवयीनं भरून काढता येतं. खेळताना कव्हर काढा. ऐंशी टक्क्यांना चार्जिंग थांबवायची सोय चालू करा. मोबाईल डेटाऐवजी वायफायवर खेळा, कारण सिग्नल कमजोर असला की फोन जास्त जोर लावून टॉवरशी बोलतो आणि तीही उष्णताच. ९० फ्रेमचा हट्ट उन्हाळ्यात सोडा. ६० ठेवा, पण स्थिर ठेवा. हाताला ६० आणि ९० मधला फरक कळतो हे मान्य, पण ९० वरून ५० वर आदळलेलं फार जास्त कळतं.

आणि फ्रीजमध्ये ठेवू नका. कळकळीनं सांगतोय. बाहेर काढल्यावर आत दव धरतं. मग बोर्डावर हिरवट गंज येतो आणि तो मदरबोर्ड मी रडत रडत साफ करतो.

पांढरं_सोनं | २३ एप्रिल, दुपारी १:१५

दादा, बांधावर लिंबाखाली बसून वाचलं. कव्हर काढून आज रात्री परत लिहितो वहीत. एक विचारू? ते मागं चिकटवायचे पंखेवाले कूलर मिळतात, त्यांचा उपयोग होतो का?

मांडवीची_लाट (रत्नागिरी) | २३ एप्रिल, दुपारी ४:०५

त्या कूलरबद्दल मी सांगते, मी वापरलाय. नुसत्या पंख्याचा फारसा उपयोग नाही. दुसरा प्रकार पेल्टियरचा, म्हणजे विजेनं थंडावा करणारा असतो, त्याची पाटी खरोखर बर्फासारखी गार होते. पण आमच्याकडे हवेत इतका ओलावा की दहा मिनिटांत फोनच्या पाठीवर थेंब जमतात आणि ते ओघळून चार्जिंगच्या भोकाकडे जातात. फोननं पोर्ट ओला असल्याची सूचना दिली तेव्हा मी घाबरून बंद केला. कोकणात कुणी घेऊ नये. अकोल्याच्या कोरड्या हवेत मात्र तो चांगला चालेल असं वाटतं.

आणखी एक गोष्ट ह्या धाग्यात यायला हवी. रोजच्या वापराचा फोन म्हणजे आधी फोन लागला पाहिजे. आमच्या घराच्या मागच्या खोलीत, जांभ्याच्या भिंतीआड, माझ्या आधीच्या फोनला रेंज नसायची आणि भावाच्या फोनला त्याच कंपनीच्या सिमवर असायची. शोधल्यावर कळलं की जिओचं ५जी फोनवर मुख्यतः दोन पट्ट्यांवर (बँडवर) चालतं, एन७८ आणि एन२८. एन२८ म्हणजे ७०० मेगाहर्ट्झ. ती लांब जाते, भिंतीतून आत शिरते. माझ्या फोनच्या यादीत एन२८ नव्हतंच. "१२ बँड" असं खोक्यावर लिहिलेलं असतं, कोणते ते बघा. खेड्यात फिरणाऱ्याला कॅमेऱ्याच्या मेगापिक्सेलपेक्षा ह्याचं मोल जास्त आहे.

रात्रपाळी_२ (नागपूर) | २३ एप्रिल, रात्री १०:२०

डोळ्यांचं कुणी बोललं नाही म्हणून. रात्री अंधारात अमोलेड स्क्रीन कमी ब्राइटनेसवर वापरली की मला अर्ध्या तासात कपाळ दुखतं. ब्राइटनेस कमी करायला बरेच अमोलेड पडदे सेकंदाला शेकडो वेळा उघडझाप करतात. सगळ्यांना त्रास होत नाही, काहींना होतो, मी त्यातला. तपासायला सोपं आहे : दुकानातल्या फोनचा ब्राइटनेस कमी करा आणि दुसऱ्या फोनच्या कॅमेऱ्यात प्रो मोडवर शटर वेगवान ठेवून त्याच्याकडे बघा. जाड काळे पट्टे सरकताना दिसले तर मी तो घेत नाही.

शाळेची_घंटा (लातूर) | २४ एप्रिल, सकाळी ९:४०

माझा मुलगा दहावीची परीक्षा देऊन बसलाय आणि हाच हट्ट धरलाय. निकाल लागला की फोन, असं मी कबूल केलंय आणि शब्द पाळणार आहे. मला फ्रेम वगैरे कळत नाही, पण वरचं वाचून एवढं समजलं की आकडा मोठा म्हणजे फोन चांगला असं नाही. खेळण्याच्या वेळेवर काही मर्यादा घालता येते का? अभ्यासाचं पुढचं वर्ष महत्त्वाचं आहे.

तोरणा_टोक | २४ एप्रिल, सकाळी १०:३०

ताई, येते. बीजीएमआय अठराखालच्या मुलांना दिवसाला तीन तासांवर खेळू देत नाही आणि पालकाचा नंबर ओटीपीने जोडून घेते. अट एवढीच की खातं उघडताना वय खरं टाकलेलं असावं, म्हणून ते त्याच्याशेजारी बसून स्वतः उघडा. वर गूगलचं फॅमिली लिंक लावलंत तर प्रत्येक ॲपला वेगळी वेळ ठरवता येते. तीन तास तुम्हाला जास्त वाटतील, मलाही वाटतात. तिथं एक तास ठेवा. आणि गेममधल्या खरेदीसाठी तुमचं यूपीआय त्याच्या फोनवर जोडू नका.

त्याला महागाची चिप लागणार नाही. स्टोरेज बघा. यूएफएस (वेगवान प्रकार) असावं, ईएमएमसी (जुना, संथ प्रकार) नको, नाहीतर वर्षभरात नुसती गॅलरी उघडायलाही वाट बघावी लागेल. आणि अँड्रॉइडचे अपडेट किती वर्षं देणार हे खरेदीआधी वाचा, कारण हाच फोन बारावीपर्यंत न्यायचा आहे.

जुनं_ते_सोनं (सोलापूर) | २४ एप्रिल, दुपारी १२:१५

मला हे सगळं पटत नाही. २७ हजारांत नवा मधला फोन घेण्यापेक्षा दोन वर्षांपूर्वीचा ५० हजारांचा फोन वापरलेला घ्यावा. चिप मोठी, कॅमेरा मोठा, काचही दणकट. मी दोनदा घेतलाय आणि दोन्ही वेळा समाधानी आहे.

सोल्डर_आणि_चिमटा | २४ एप्रिल, रात्री ९:५०

सोलापूरचे दादा, तुम्हाला चांगले मिळाले ह्याचा आनंद आहे. पण वापरलेल्या फोनची बॅटरी दोन वर्षांची म्हातारी असते, आणि गेम व ऊन ह्या दोन्हीची पहिली मार तिलाच बसते. उघडलेल्या फोनचं पाणीरोधक सीलही गेलेलं असतं. घ्यायचाच तर *#०६# दाबून आयएमईआय (फोनचा ओळख क्रमांक) काढा आणि इंग्रजीत KYM लिहून, जागा सोडून पुढं तो नंबर टाकून १४४२२ वर एसएमएस करा. चोरीचा म्हणून ब्लॉक असेल तर लगेच कळतं. बिल मागा. बिल देत नसेल तर स्वस्तात मिळाला तरी उठा तिथून.

अकोल्याच्या दादांना एक राहिलं. मोटारसायकलच्या हँडलला फोन अडकवता का? मुख्य कॅमेऱ्याला ओआयएस असेल तर अडकवू नका. ती लेन्स आत तरंगती असते, हात हलला तरी फोटो स्थिर यावा म्हणून. इंजिनचा थरथराट तिला सतत बसला की फोकस बिघडतो. सप्टेंबर २०२१ मध्ये ॲपलनं आपल्या फोनबद्दल हे जाहीरपणे सांगितलं होतं, पण रचना सगळ्यांची तीच. असे कॅमेरे माझ्याकडे येतात. डिलिव्हरी करणारी पोरं असतात बहुतेक, आणि कॅमेरा बदलायचा खर्च ऐकून त्यांचा चेहरा उतरतो. खिशात ठेवा, कानात एक इअरफोन घालून नकाशा ऐका. तसंही उन्हात हँडलवर तो भाजतोच.

पांढरं_सोनं | २८ एप्रिल, रात्री ११:२५

चार रात्रींचे आकडे घेऊन आलोय.

खोली ३४ अंश, कव्हर काढलेलं, वायफाय, ब्राइटनेस साठ टक्क्यांवर पक्का, चार्जर नाही. पंचविसाव्या मिनिटाला ५३ फ्रेम. दुसऱ्या रात्री ३५ अंशांत ५१. तिसऱ्या रात्री लाईट गेली, वायफाय बंद, मोबाईल डेटावर आलो, तर त्याच ३५ मध्ये ४६. सोल्डर दादा म्हणाले तो सिग्नलचा भाग डोळ्यांनी दिसला. चौथ्या रात्री गच्चीवर खेळलो, वारा होता, ५६. काही विकत घ्यावं लागलं नाही.

दिवसाचं म्हणाल तर हँडलवरचा स्टँड काढून टाकला. फोन आता डब्याच्या पिशवीत, डब्याच्या नाही तर पाण्याच्या बाटलीच्या बाजूला, कापडात गुंडाळून. दुपारी यूपीआयसाठी काढला तर स्क्रीन पूर्ण उजळते. फिंगरप्रिंटसाठी अंगठा दोनदा नोंदवला, एकदा कोरडा, एकदा घामाचा. आता दुसऱ्या प्रयत्नात तरी उघडतो.

एन२८ माझ्या फोनमध्ये आहे, बघितलं. रत्नागिरीच्या ताईंचे आभार, मला तो शब्दही माहीत नव्हता.

बडोद्याच्या मित्राला माझा फोन घेऊ नको म्हटलं. वाईट आहे म्हणून नाही. त्याची खोली वरच्या मजल्यावर पत्र्याखाली आहे, कूलर नाही, आणि तो मोबाईल डेटावरच खेळतो. त्याला जास्त दमाची चिप हवी. माझ्या फोनपेक्षा तीन हजार जास्त घालून त्यानं बायपास चार्जिंगवाला फोन घेतला, परवा संध्याकाळी. घेण्याआधी दुकानदाराला विनंती करून काउंटरवरच थ्रीडीमार्क ह्या ॲपची वाइल्ड लाइफ स्ट्रेस टेस्ट (फोनला सतत ताण देऊन मोजणारी चाचणी) लावली, वीस मिनिटं चालते ती, वीस फेऱ्या. दुकानदारानं स्टूल दिलं बसायला आणि स्वतःही बघत बसला. दोन फोन लावले होते. एकाची पहिली फेरी जास्त गुणांची होती, पण विसाव्या फेरीत तोच मागे पडला. मित्रानं दुसरा उचलला.

काल रात्री पत्र्याखाली पंचविसाव्या मिनिटाला त्याच्या ५८ होत्या. चार्जर लावलेला, बॅटरी ४१ अंश. शेवटच्या वर्तुळात आम्ही दोघंच उरलो होतो, आणि ह्या वेळी तो मला सांगत होता शत्रू कुठल्या झाडामागे आहे.

लातूरच्या ताई, निकाल लागला की सांगा. मुलाला कोणता घेताय ते इथंच लिहा, मंडळी बघून देतील.